स्वच्छतेचे महान उपासक : श्री संत गाडगेबाबा

तीर्थयात्रेस येणारा भाविक देवाला फुले, हार, नारळ आणि नैवेद्य अर्पण करतो. यात्रा संपली म्हणजे तो समाधानाने घरी परततो. परंतु त्याच्यामागे क्षेत्राच्या ठिकाणी सुकलेली फुले, पत्रावळी, खरकटे आणि नदीकाठची घाण उरते. ही घाण कोणी काढावयाची, हा प्रश्न आपल्या समाजाने शतकानुशतके स्वतःला विचारला नाही. तो प्रश्न हाती खराटा घेऊन संपूर्ण महाराष्ट्राला विचारणारे, आणि त्याचे उत्तरही स्वतःच्या श्रमाने देणारे सत्पुरुष म्हणजे श्री संत गाडगेबाबा होत. त्यांच्या पुण्यचरित्राचा हा अल्प परिचय भाविकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

जन्म व बालपण

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. विदर्भातील अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजातील एका कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे नाव सखुबाई. घरी खाऊनपिऊन सुखी असलेले हे कुटुंब झिंगराजींच्या मद्यपानाच्या व्यसनामुळे रसातळाला गेले. डेबूजी अवघ्या आठ वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि सखुबाई आपल्या लहानग्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या.

आजोळी डेबूजींच्या वाट्याला शाळा आली नाही. गुरे राखणे, नांगर धरणे, पिकाची राखण करणे यांत त्यांचे बालपण गेले. अंगी कष्टाची विलक्षण ताकद होती. गुरांचा गोठा झाडून लख्ख ठेवणे आणि जनावरांना नदीवर नेऊन धुणे ही कामे ते मनापासून करीत. गावातील भजनी मंडळींत बसून त्यांनी संतांचे अनेक अभंग ऐकून ऐकून मुखोद्गत केले. अक्षरओळख नसलेल्या या मुलाची सारी विद्या अशी कानांवाटे आली.

पुढे मामांच्या जमिनीवर सावकाराची दृष्टी गेली. कागदावर अंगठा उमटवावयाचा आणि त्यात काय लिहिले आहे ते ठाऊक नाही, अशी त्या काळच्या कुणब्याची स्थिती होती. कर्जाच्या फेऱ्यात घराची शेती गेली. व्यसनाने बापाचे घर बुडाले आणि अज्ञानाने मामाचे; हे दोन्ही आघात डेबूजींच्या मनावर कायमचे कोरले गेले. पुढील आयुष्यात त्यांच्या प्रत्येक कीर्तनात दारू आणि कर्ज या दोन विषयांवर जो प्रहार होत असे, त्याचे मूळ येथे आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिली कन्या झाली तेव्हा बारशाला जातगंगेला मद्य व मांसाचे जेवण देण्याची रूढी होती. डेबूजींनी ती मोडून गोडाधोडाचे जेवण दिले. जातीतील मंडळी रुष्ट झाली. पण ते ठाम राहिले.

गृहत्याग आणि चिंध्यांचा वेष

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. पुढील सुमारे बारा वर्षे ते अज्ञातपणे गावोगाव हिंडले. अंगावर निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी तर दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि सोबत मातीचे एक फुटके गाडगे, असा त्यांचा वेष असे. तेच गाडगे ऊन लागले की डोक्यावर पालथे घालावे, भूक लागली की त्यातच भाकरी मागून खावी आणि तहान लागली की त्यातच पाणी घ्यावे. लोक त्यांना कोठे गोधडेबाबा, कोठे चिंधेबाबा, तर कोठे गाडगेबाबा म्हणू लागले. यांतील शेवटचे नाव अवघ्या महाराष्ट्राच्या ओठी बसले.

या वेषाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. लोकांनी उकिरड्यावर टाकलेली चिंधी बाबांचे वस्त्र झाली. फुटले म्हणून फेकून दिलेले मडके त्यांचे ताट, त्यांचा तांब्या आणि त्यांची टोपी झाले. फुटकी बांगडी त्यांचा अलंकार झाली. जगाने निरुपयोगी ठरविलेल्या कोणत्याही वस्तूला आणि कोणत्याही माणसाला बाबांनी निरुपयोगी मानले नाही. आज वस्तूचा पुनर्वापर आणि कचऱ्यातून संपत्ती या गोष्टी शासन व शास्त्रज्ञ सांगत आहेत. बाबांनी त्या शब्दांत काहीही सांगितले नाही. त्यांनी त्या गोष्टी अंगावर परिधान केल्या.

ऋणमोचनाचा घाट

विदर्भात पूर्णा नदीच्या तीरावर ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी येथे मोठी यात्रा भरते. ऋणातून मुक्ती मिळावी या श्रद्धेने लोक येथे स्नानास येतात. ज्यांच्या मामांचे घर कर्जात बुडाले, त्या बाबांचे या क्षेत्राशी आयुष्यभराचे नाते जडले.

त्या काळी नदीकाठी चिखलाची घसरण होती. पाण्याची घागर घेऊन वर येणाऱ्या बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी कोणाकडे अर्ज केला नाही, की कोणाची वाट पाहिली नाही. एके दिवशी ते स्वतःच काठावर माती खणू लागले आणि चढण नीट करू लागले. आधी लोकांनी त्यांना वेडा ठरविले. मग दोघे आले, चौघे आले, आणि पाहता पाहता यात्रेकरूंचे हात कामाला लागले. अशा श्रमदानातून तेथे पुढे घाट उभा राहिला. यात्रेच्या दिवसांत आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी आणि भिकारी यांना बाबा स्वतः वाढून जेवू घालीत.

बाबांच्या पुढील साऱ्या कार्याची पद्धत ऋणमोचनास ठरून गेली. प्रथम स्वतः काम आरंभावयाचे, मग लोक आपोआप येतात. आणि लोकांनी स्वतःच्या घामाने केलेले काम लोकच जपतात, ही ती पद्धत होय.

सकाळी खराटा, रात्री कीर्तन

एखाद्या गावात शिरताच बाबा कोणाच्या घरी जात नसत. गावाच्या वेशीपासून ते रस्ता झाडावयास प्रारंभ करीत. गटारे उपसणे, उकिरडे हलविणे, पाणवठ्याभोवतीची घाण काढणे ही कामे दिवसभर चालत. हा चिंध्या पांघरलेला मनुष्य कोण, असा विचार करीत गावकरी प्रथम दुरून पाहत. नंतर पोरे येत, मग तरुण येत आणि शेवटी गावातील प्रतिष्ठित मंडळीही लाजून हातात झाडू घेत. कोणी जेवण दिले तर बाबा त्याच्या बदल्यात अंगण झाडून देत, किंवा लाकडे फोडून देत. फुकटचे अन्न त्यांना वर्ज्य होते.

दिवसा जमिनीवरची घाण काढावयाची आणि रात्री कीर्तनातून मनातील घाण काढावयाची, असा त्यांचा नित्यक्रम होता. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत, प्रश्नोत्तरांचे असे. देवकीनंदनाच्या नामाचा गजर सुरू झाला की हजारोंचा समुदाय डोलू लागे. मग बाबा श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून लग्न करू नका, दारू पिऊ नका, देवाच्या नावाने मुके जनावर कापू नका, अस्पृश्यता पाळू नका, घरातील भांडी विकावी लागली तरी मुलांना शिकवा, हे त्यांच्या उपदेशाचे सार होते. कीर्तनानंतर आरतीचे ताट फिरत नसे. बाबा कोणास मंत्र देत नसत, कोणास शिष्य करीत नसत आणि कोणास पाया पडू देत नसत.

१९२३ साली त्यांचा एकुलता एक पुत्र गोविंद याचे कुत्रा चावल्याने निधन झाले. ती वार्ता कोकणात कीर्तन चालू असताना आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. समोर बसलेल्या लोकांचे काम हेच आपले घर, ही त्यांची निष्ठा त्या कठोर क्षणीही ढळली नाही.

पंढरीचे वाळवंट

आषाढी व कार्तिकी यात्रेस पंढरपुरात लाखो वारकरी येतात. रेल्वे आणि मोटारी आल्यावर ही गर्दी अधिकच वाढली. परंतु क्षेत्राची सोय त्या मानाने वाढली नाही. एका छोट्या नगरात अल्पकाळ प्रचंड जनसमुदाय राहिला म्हणजे मलमूत्र, खरकटे आणि दूषित पाणी यांची काय स्थिती होते, याची कल्पना करता येईल. पटकीचा रोग अशा यात्रांतून वारंवार उद्भवे आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरे. पुण्यासाठी आलेला माणूस मृत्यू घेऊन घरी जाई.

बाबा दरवर्षी पंढरीस जात. पण इतर भाविक दर्शनाच्या रांगेत उभे असताना बाबा चंद्रभागेच्या वाळवंटात आणि रस्त्यांवर खराटा घेऊन फिरत असत. विठ्ठलाच्या नगरीत आयुष्यभर येऊनही ते दर्शनासाठी गाभाऱ्यात गेले नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांचा देव वाळवंटात उघड्यावर झोपलेल्या माणसांत होता. रात्री तेथेच त्यांचे कीर्तन होई.

येथे एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. त्या काळी घाण काढण्याचे काम जन्माने काही जातींच्या माथी मारलेले होते आणि ते काम करणाऱ्याला समाज शिवून घेत नव्हता. घाण करणारा शुद्ध आणि ती काढणारा अशुद्ध, असा उलटा न्याय चालू होता. बाबांनी संतपदाला पोहोचल्यावरही हातचा खराटा सोडला नाही. ज्यांच्या दर्शनाला राजेरजवाडे व मंत्री येत, तेच बाबा रस्ता झाडताना दिसत. त्यामुळे खराटा हे हीनतेचे चिन्ह न राहता सेवेचे चिन्ह बनले. शेकडो व्याख्यानांनी जे साधले नसते, ते या एका कृतीने साधले.

धर्मशाळा आणि लोकांचा पैसा

पंढरपुरात उच्चवर्णीयांच्या धर्मशाळा व मठ होते. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पावसातही उघड्यावर रात्र काढावी लागे. त्यांच्यासाठी बाबांनी लोकवर्गणीतून संत चोखामेळ्यांच्या नावाची धर्मशाळा उभारली. त्यानंतर नाशिक, आळंदी, देहू आदी क्षेत्रांत धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षण संस्था उभी राहिली. मुंबईस जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली गेली. ठिकठिकाणी सदावर्ते, घाट, पाणपोया, विद्यालये आणि वसतिगृहे झाली.

या धर्मशाळांत गरीब यात्रेकरूस निवारा मिळे आणि स्वयंपाकासाठी भांडीही मिळत. ती घासूनपुसून परत करावयाची आणि राहिलेली जागा झाडून जावयाची, ही शिस्त असे. तीच भांडी पुढच्या यात्रेकरूच्या चुलीवर चढत. एकाची सोय दुसऱ्याची अडचण होऊ नये, हा बाबांच्या व्यवस्थेचा पाया होता.

देणगीदारांनी मनन करावे असा बाबांचा आर्थिक व्यवहार होता. लाखो रुपयांच्या इमारती त्यांच्या शब्दाखातर उभ्या राहिल्या. पण एकाही इमारतीवर त्यांनी स्वतःचा हक्क ठेवला नाही. प्रत्येक संस्थेसाठी विश्वस्त नेमले आणि आपल्या नातलगांना त्या संपत्तीचा लाभ मिळू नये, याबद्दल कटाक्ष बाळगला. शेकडो मुखांना अन्न देणाऱ्या सदावर्तातील घासही ते स्वतः घेत नसत. मागून आणलेल्या भाकरीवर त्यांचा निर्वाह चाले. दान म्हणजे लोकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे, असे ते मानीत. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना होऊन या सर्व कार्याला एकत्रित स्वरूप आले.

थोर समकालीन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी बाबांना अपार आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हेतू हा की, जेथे वारकरी निजत होते तेथे विद्यार्थी शिकावेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याला बाबांचा सदैव पाठिंबा होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबांचेच नाव देण्यात आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांशीही त्यांचा निकटचा स्नेह होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. स्वतः लिहू-वाचू न शकणाऱ्या या पुरुषाभोवती महाराष्ट्रातील बुद्धिवंतांचा मेळावा जमला होता, हे विशेष होय.

महानिर्वाण

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले. सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण झाले असून बाबांचा आवाज त्यामुळे आजही ऐकावयास मिळतो. त्यानंतर महिन्याभरात, ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. बाबांची प्रकृती आधीच खालावली होती. अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासातच त्यांनी देह ठेवला. घर सोडून निघालेला हा पुरुष एकावन्न वर्षांनी वाटेवरच विसावला. अमरावती येथे त्यांची समाधी असून तो परिसर गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

खराट्याचा वारसा

१९९८ साली भारत सरकारने बाबांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळी ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील होते. या अभियानाचे वैशिष्ट्य असे की, कामासाठी आधी अनुदान नव्हते. गावकऱ्यांनी आपल्या श्रमाने गाव स्वच्छ करावयाचे आणि उत्तम कामास पारितोषिक मिळावयाचे. हजारो गावांनी रस्ते झाडले, शोषखड्डे घेतले, शौचालये बांधली. ऋणमोचनाच्या चिखलात सापडलेली रीतच येथे राज्यभर वापरली गेली. २००५ साली अमरावती विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले.

मात्र कचऱ्याचे स्वरूप बाबांच्या काळानंतर पालटले. त्या वेळच्या कचऱ्यात शेण, पालापाचोळा, पत्रावळी आणि माती असे. त्याचे खत होऊन तो पुन्हा शेतात जाई. आज त्यात प्लॅस्टिक, थर्माकोल, धातूचा मुलामा दिलेल्या पुड्या आणि काच आहे. ही वस्तू एकदा ओल्या कचऱ्यात मिसळली की खताचेही नुकसान होते आणि त्या वस्तूचाही पुन्हा उपयोग होत नाही. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही धन आहेत, एकत्र केले तर दोन्ही विष आहेत. म्हणून नुसते झाडून भागत नाही. ओला व सुका कचरा मुळातच निराळा करावा लागतो, आणि हे काम टाकणाऱ्याच्याच हातून होऊ शकते.

या बाबतीत पुणे शहराचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे या कष्टकऱ्यांचीच स्वच्छ नावाची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिने महानगरपालिकेशी करार केला. नागरिकांनी कचरा वेगळा करून द्यावयाचा, त्यासाठी माफक शुल्क द्यावयाचे. या भगिनींनी तो घरोघरी जाऊन घ्यावयाचा, त्यातील कागद, काच, पत्रा व प्लॅस्टिक निवडून पुन्हा वापरात पाठवावयाचे आणि त्याच्या विक्रीवर आपला चरितार्थ चालवावयाचा, अशी ही रचना आहे. उकिरड्यावर वाकून चिंध्या गोळा करणाऱ्या हातांना ओळखपत्र व मान मिळाला. चिंध्या पांघरणाऱ्या बाबांना ही गोष्ट निश्चितच मानवली असती.

भाविकांना नम्र विनंती

बाबा आज असते तर दर्शनाच्या रांगेत न दिसता रांग संपल्यावर उरलेली जागा झाडताना दिसले असते. यास्तव क्षेत्री येणाऱ्या प्रत्येक भाविकाने पुढील गोष्टी कृपया ध्यानी घ्याव्यात. हार व फुले प्लॅस्टिकच्या पिशवीत न आणता कापडी पिशवीत अथवा परडीत आणावीत. निर्माल्य नदीत किंवा कुंडात न सोडता निर्माल्य कलशातच टाकावे. हाराचा दोरा, जरी व कागद काढून मगच टाकावे, म्हणजे त्याचे उत्तम खत होते. महाप्रसाद लागेल तेवढाच घ्यावा. पानात टाकलेला घास हा अन्नदात्याचा आणि उपाशी माणसाचा, दोघांचाही अपमान आहे. पाण्याची रिकामी बाटली परत घरी न्यावी. परिसर झाडणाऱ्या सेवेकऱ्यांशी आदराने बोलावे. ते आपल्याहून मोठी पूजा करीत असतात.

दात्यांनी सुवर्ण व रौप्य अर्पण करावे, त्यात देवाची शोभा आहे. पण ज्या क्षेत्री खतासाठी खड्डा, शौचालय, धुतली जाणारी स्टीलची ताटे किंवा सफाई सेवेकऱ्यांसाठी हातमोजे अपुरे असतील, तेथे आपल्या देणगीतील काही अंश या कामी द्यावा. बाबांच्या हिशेबात अशी देणगी सोन्याच्या कळसाहून कमी ठरली नसती.